सव्वा कोटीची शेड बँकेच्या कागदावर ७३ लाखांची कशी होते?

इचलकरंजीजवळच्या एका यंत्रमागधारक वाचकाचं चार पानी पत्र आलं आहे. थोडक्यात असं: "माझी २४ मागांची शेड आहे. २०१८ साली नागरी सहकारी बँकेकडून कर्ज घेतलं तेव्हा बँकेच्याच व्हॅल्युअरनं जागा, शेड आणि माग मिळून १ कोटी २४ लाख किंमत काढली होती. धंदा बसला, खातं एनपीए म्हणजे थकीत झालं. तीन आठवड्यांपूर्वी सरफेसीची (कोर्टात न जाता तारण विकून वसुली करायच्या कायद्याची) ६० दिवसांची नोटीस आली. येणं ६८ लाख. मॅनेजरसाहेबांनी नवा रिपोर्ट दाखवला. त्यात एकाच शेडच्या तीन किमती! बाजारमूल्य ९८ लाख, वसुलीयोग्य मूल्य ८३ लाख ३० हजार आणि निकडीच्या विक्रीचं मूल्य ७३ लाख ५० हजार. रेडी रेकनरनं तर १ कोटी ८ लाख होतात. खरं काय धरायचं? करारनाम्यात लिहिलंय की 'तारणाचे वसुलीयोग्य मूल्य बँकेच्या पॅनेलवरील मूल्यांकक ठरवील व ते कर्जदारावर बंधनकारक राहील.' म्हणजे बँक म्हणेल ती पूर्व दिशा? धाकटा भाऊ जामीनदार आहे. त्याला कुणीतरी सांगितलंय की शेड विकून कमी पडेल तेवढंच त्याच्या अंगावर येईल. हे बरोबर आहे का?"

नमस्कार. पत्राबरोबर दोन्ही रिपोर्टांच्या झेरॉक्स पाठवल्यात हे फार बरं केलंत. निम्मं उत्तर त्यातच आहे.

आधी तीन किमतींचं बघू. घरात कधी बांगड्या मोडायची वेळ आली असेल तर हे तुम्हाला नवं नाही. घेताना आपण सोन्याचा भाव देतो, वर घडणावळ देतो, खडे असले तर त्यांचे पैसे देतो. मोडायला गेलो की सराफ खडे काढून बाजूला ठेवतो, घट धरतो आणि उरलेल्या सोन्याचाच भाव लावतो. बांगडी तीच, पण व्यवहार वेगळा. बँकसुद्धा सोनेतारण करताना सोन्याचं वजन आणि शुद्धता धरते, घडणावळ आणि खडे सोडून देते. तुमच्या शेडचं तेच झालंय.

बाजारमूल्य म्हणजे घेणाऱ्याला घाई नाही, विकणाऱ्यालाही नाही, दोघांना जागेची पुरती माहिती आहे, अशा सौद्यात ठरेल ती किंमत. वसुलीयोग्य मूल्य म्हणजे बँकेला रीतसर, पण ठरावीक मुदतीत विकावं लागलं तर पदरात काय पडेल त्याचा अंदाज. निकडीचं मूल्य म्हणजे मोडीचा भाव: मालक अडचणीत आहे हे गावाला कळलंय, जाहिरात पेपरात आलीय, दारावर ताब्याची नोटीस चिकटलीय आणि घेणारा ते सगळं वाचून आलाय. रेडी रेकनरचा इथे फारसा संबंध नाही. तो सरकारनं मुद्रांक शुल्कासाठी ठरवलेला दर. त्या दरानं गिऱ्हाईक मिळेलच असं सरकारही म्हणत नाही.

आता कॅल्क्युलेटर घ्या. ९८ लाखांचे ८५ टक्के किती? ८३ लाख ३० हजार. ७५ टक्के? ७३ लाख ५० हजार. नेमके. म्हणजे व्हॅल्युअरसाहेबांनी बाजारमूल्य तेवढं काढलं आणि खालचे दोन आकडे टक्क्यांनी पाडले. बहुतेक रिपोर्टांत असंच असतं. मी कर्जविभागात होते तेव्हा असे शेकडो रिपोर्ट हाताखालून गेले. त्यातल्या किती जणांनी आजूबाजूचे लिलाव किती टक्क्यांना सुटले ते पाहून वजावट ठरवली, असं विचाराल तर एका हाताची बोटं पुरतील. ८५ आणि ७५ हे आकडे कुठल्या कायद्यात लिहिलेले नाहीत, तो वहिवाटीचा भाग आहे. त्यामुळे "वजावट १५ टक्केच का, आधार काय?" हे लेखी विचारायचा तुम्हाला पुरा हक्क आहे.

पण खरी गंमत वरच्या आकड्यात आहे. १ कोटी २४ लाखांचे ९८ लाख कसे झाले ते दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून पाहा. २०१८ मध्ये जमीन ५२ लाख, बांधकाम ३४ लाख, माग आणि इतर यंत्रं ३८ लाख. आत्ता जमीन ६६, बांधकाम २३, यंत्रं ९. जमीन वाढलीय! पडलेत ते माग. पहिल्या व्हॅल्युअरनं मागांना जवळजवळ नव्याच्या हिशेबानं धरलं होतं. दुसऱ्यानं सरळ भंगार धरलंय. साधे माग आज कोण कसे घेतो हे तुम्हाला मी सांगायला नको, इचलकरंजीत किलोवर गेलेले माग तुम्ही डोळ्यांनी पाहिले असतील. तरी एक बघा. चालू स्थितीतले, बीम चढलेले २४ माग आणि वर्षभर बंद शेडमध्ये गंजलेले २४ माग यांत फरक आहे. दुसऱ्या व्हॅल्युअरची भेट कुठल्या तारखेला झाली, त्या दिवशी माग चालू होते का, याचा रिपोर्टात उल्लेख नाही. ही तुमच्या हरकतीची पहिली ओळ.

बांधकामाचे ११ लाख कुठे गेले? पान सहावर बारीक अक्षरात आहे: मागच्या बाजूची पत्र्याची वाढीव शेड "मंजूर नकाशात नसल्याने विचारात घेतलेली नाही." २०१८ ला तीच शेड धरली होती. कर्ज देताना चालली, विकताना चालत नाही! याचा राग येणं साहजिक आहे, पण दुसरा व्हॅल्युअर बरोबर आहे. लिलावात घेणारा आधी नकाशा मागतो, आणि जे नकाशात नाही त्याचे पैसे तो देत नाही.

तुमच्या अकाउंटंटनं ताळेबंदात यंत्रं ३१ लाखांना दाखवलीत, हा तुमचा आणखी एक मुद्दा. तो आकडा इथे उपयोगाचा नाही. घसारा वजा जाता पुस्तकात उरलेली ती रक्कम आहे. हिशेबशास्त्रातही 'वसुलीयोग्य रक्कम' अशी कल्पना आहे, पण तिचा अर्थ निराळा. तिथे दोन आकडे काढतात. एक, खर्च वजा जाता विकून काय येईल. दुसरा, तीच वस्तू वापरत राहिलं तर पुढच्या वर्षांत ती काय कमवून देईल त्याची आजची किंमत. आणि त्या दोन्हींतला मोठा आकडा धरतात. कारण धंदा चालू ठेवायचा की विकायचा, हे मालकाच्या हातात असतं. बँकेच्या हातात फक्त विकणं असतं. त्यामुळे हिशेबवाला मोठ्या आकड्याकडे जातो, वसुलीवाला लहान आकड्याकडे. शब्द जवळजवळ एकच, म्हणून घोळ होतो.

कॅश क्रेडिटबद्दल, म्हणजे मालाच्या तारणावर मिळणाऱ्या खेळत्या कर्जाबद्दल, तुम्ही तक्रार केलीय की स्टॉक २२ लाखांचा असताना बँकेनं ९ लाखच धरला. तुमचंच स्टॉक स्टेटमेंट वाचून मी हिशेब केला. २२ लाखांतलं ६ लाखांचं सूत खर्चीचं, म्हणजे व्यापाऱ्याचं. तुम्ही मजुरीवर विणून देणार. ते तुमचं नाहीच, तर तारण कसं होईल? ४ लाखांच्या सुताचे पैसे अजून सूतवाल्याला द्यायचेत. उरले १२. त्यातून करारातलं २५ टक्के मार्जिन वजा. झाले ९. इथे बँकेनं काही लबाडी केलेली नाही. उलट खर्चीचं सूत आपल्या स्टॉकमध्ये दाखवणं तुमच्या अंगाशी येऊ शकतं. ते आधी दुरुस्त करा आणि बँकेला लेखी कळवा.

आता त्या कलमाकडे. "मूल्यांकक ठरवील व ते बंधनकारक राहील" अशी वाक्यं सगळ्याच छापील करारांत असतात आणि सही करताना कोणी वाचत नाही. मीही माझ्या घराच्या कर्जाच्या वेळी वाचलं नव्हतं, खोटं कशाला बोलू. या कलमाचा जोर कर्ज चालू असताना जास्त असतो. मूल्य उतरलं म्हणून बँक जादा तारण मागते किंवा मर्यादा कमी करते, ते याच्याच आधारावर. पण विक्रीची वेळ आली की बँकेच्या हाताला कायदा बांधलेला असतो. सरफेसीच्या नियमांप्रमाणे स्थावर विकण्याआधी मान्यताप्राप्त मूल्यांककाकडून मूल्यांकन घ्यावंच लागतं, त्यावरून राखीव किंमत, म्हणजे लिलावातली किमान किंमत, ठरवावी लागते, तुम्हाला ३० दिवसांची विक्रीची नोटीस द्यावी लागते आणि दोन वर्तमानपत्रांत जाहिरात द्यावी लागते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. राखीव किमतीच्या खाली बोली आली तर तुमच्या संमतीशिवाय त्या बोलीला विकता येत नाही. यातलं काही चुकलं तर बँकेनं ताब्याचं पाऊल उचलल्यापासून ४५ दिवसांत पुण्याच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात जाता येतं. नुसतं "किंमत कमी लावली" म्हटल्यानं तिथे भागत नाही. दुसऱ्या मान्यताप्राप्त मूल्यांककाचा रिपोर्ट आणि शेजारच्या दोन-तीन खऱ्या खरेदीखतांच्या नकला सोबत हव्यात.

मात्र बँक राखीव किंमत पुढच्या लिलावाला उतरवू शकते, आणि खरी भीती तीच आहे. पहिल्या लिलावाला ३० दिवसांची मुदत द्यावी लागते, तो फसला तर पुढच्याला १५ दिवस पुरतात.

मी एका तालुक्याच्या गावी शाखेत असतानाची गोष्ट सांगते. एका ऑइल मिलचा लिलाव होता. राखीव किंमत ७० लाख. पहिल्यांदा एकही बोली नाही. दुसऱ्यांदा ६३ लाख, तरी कोणी नाही. मिलच्या भिंतीला लागून ज्यांचं गोडाऊन होतं ते गृहस्थ दोन्ही वेळा शाखेत येऊन चहा पिऊन गेले, अनामत मात्र भरली नाही. तिसऱ्यांदा राखीव किंमत ५७ झाली आणि ५७ लाख १० हजाराला मिल त्यांचीच झाली. याच गृहस्थांनी लिलावाच्या वर्षभर आधी मालकाला ६६ लाख देऊ केले होते. मालक म्हणाले होते, "नव्वदच्या खाली बोलू नका." लिलावाला बाहेरगावचे लोक फारसे येत नाहीत. तेच चार जण असतात, आणि ते एकमेकांना ओळखतात.

त्यात लिलावातली विक्री 'जसे आहे, जेथे आहे' तत्त्वावर असते. थकलेली घरपट्टी, महावितरणची बाकी, आतला भाडेकरू, सगळं घेणाऱ्याच्या माथी. वीजबिलाबाबत तर सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्येच सांगितलंय की पुरवठ्याच्या नियमांत तशी तरतूद असेल तर आधीच्या मालकाची बाकी नव्या मालकाकडे मागता येते. तुमची बाकी पत्रावरून सव्वादोन लाख दिसते. घेणारा बोलीतून सव्वादोन नाही, पाच कापतो, कारण त्याला नक्की आकडा माहीत नसतो. ज्यांची शेड एमआयडीसीच्या भाडेपट्ट्याच्या भूखंडावर आहे त्यांना हस्तांतराची परवानगी आणि शुल्क हे आणखी एक ओझं. भोगवटादार वर्ग २ ची, म्हणजे विक्रीवर सरकारी निर्बंध असलेली, जमीन असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीचा प्रश्न येतो. तुमची जागा बिगरशेती आणि मालकीची आहे, हे नशीब समजा. कागद स्वच्छ असला की वजावट कमी होते.

एक गोष्ट बँकेच्या बाजूनंही सांगते, म्हणजे समोरचा माणूस असा का वागतो ते कळेल. थकीत कर्जात तारणाचं वसुलीयोग्य मूल्य आधी ठरवलेल्या मूल्याच्या ५० टक्क्यांखाली गेलं तर खातं थेट संशयित वर्गात टाकावं लागतं. येणं रकमेच्या १० टक्क्यांखाली गेलं तर ते बुडीतच धरायचं, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. संशयित खात्यात जेवढ्या रकमेला तारण पुरत नाही, तेवढ्या सगळ्या रकमेची तरतूद बँकेला नफ्यातून करावी लागते. म्हणजे ताळेबंदासाठी बँकेला तारणाचा आकडा मोठा हवा असतो आणि लिलाव सुटावा म्हणून लहान हवा असतो. एकाच बँकेत, एकाच वर्षात, एकाच मालमत्तेचे दोन रिपोर्ट निघालेले मी पाहिलेत. म्हणून दोन्ही रिपोर्टांच्या प्रती लेखी मागा आणि मागितल्याची पोच ठेवा.

तुमचं येणं ६८ लाख आहे आणि सगळ्यात खालची किंमत ७३.५ लाख. म्हणजे आज निकडीच्या विक्रीतही कर्ज फिटून थोडं उरतं. खर्च आणि येणं वळतं केल्यावर उरलेली रक्कम तुम्हाला परत देणं कायद्यानं बँकेला भाग आहे. पण १२ टक्के व्याजानं महिन्याला ६८ हजार चढतात. नऊ महिने गेले की सहा लाखांवर, आणि मग त्या ७३.५ मध्ये काही उरत नाही. शिवाय वॉचमन, जाहिरात, मूल्यांककाची फी, वकील, सगळं तुमच्याच खात्यावर पडतं. मूल्यावर वाद घालत बसण्यात जी मुदत जाते तिचीही किंमत असते, ती रिपोर्टात छापलेली नसते.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगते: गिऱ्हाईक तुम्ही आणा. ८५ ते ९० लाखांच्या आसपास कोणी तयार असेल तर आत्ता, नोटिशीचे ६० दिवस चालू असतानाच. मात्र एक खबरदारी घ्या. ही नोटीस आल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय तारण विकता येत नाही. परस्पर साठेखत करून विसार घेऊ नका. गिऱ्हाईक, तुम्ही आणि बँक असं तिघांनी बसून, पैसे थेट कर्जखात्यात जातील आणि बँक बोजा उतरवेल, असं लेखी ठरवा. दुसरी खबरदारी तारखेची. पूर्वी लोक म्हणायचे, विक्रीदाखला होईपर्यंत पैसे भरून मालमत्ता सोडवता येते. ते दिवस गेले. २०१६ च्या दुरुस्तीनंतर लिलावाची जाहिरात प्रसिद्ध होण्याआधीच पूर्ण येणं भरावं लागतं, आणि सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२३ मध्ये यावर शिक्कामोर्तब केलं आहे. जाहिरात आल्यावर तुमचं गिऱ्हाईक पैसे घेऊन उभं असलं तरी बँकेवर ते घेण्याची सक्ती नाही.

"सहकारी बँकेला सरफेसी लागूच नाही, कोर्टात उडेल," असं तुम्हाला कोणी सांगितलंय. हा वाद मिटलाय. मुरगूडच्या, म्हणजे तुमच्याच जिल्ह्यातल्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं मे २०२० मध्ये निकाल दिला की सहकारी बँकांना हा कायदा वापरता येतो. शिवाय कलम १०१ चा वसुली दाखला घेण्याचा सहकार कायद्यातला रस्ता त्यांना आहेच.

धाकट्या भावाबद्दल वाईट वाटतं, पण त्याला कुणीतरी चुकीचं सांगितलंय. करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते, जामीनपत्रात वेगळं लिहिलं नसेल तर. आधी शेड विका, कमी पडलं तर माझ्याकडे या, असं तो बँकेला म्हणू शकत नाही. त्याच्या जामीनपत्रात रकमेची मर्यादा आहे का ते बघा, तुम्ही त्याची प्रत पाठवलेली नाही. त्याच्या बाजूनं एक कलम आहे, १४१. बँकेनं हातातलं तारण घालवलं किंवा त्याच्या संमतीशिवाय सोडून दिलं, तर त्या तारणाच्या किमतीएवढा तो मोकळा होतो. माग नजरगहाण आहेत ना, म्हणजे तारण बँकेचं पण ताबा तुमचा? उद्या बँकेच्या डोळ्यांदेखत कोणी त्यातले आठ माग उचलून नेले आणि बँक गप्प बसली, तर हे कलम त्याच्या कामाचं. हे आठ माग तुम्ही स्वतः विकायचा विचार पत्रात लिहिलाय, तो मात्र डोक्यातून काढून टाका.

६० दिवसांतले २१ गेलेत. या आठवड्यात नोटिशीला लेखी हरकत द्या. त्यात मागांच्या स्थितीचा मुद्दा, वजावटीच्या आधाराची विचारणा आणि दोन्ही रिपोर्टांच्या अधिकृत प्रतींची मागणी, एवढंच लिहा. भावना लिहू नका. बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. शेड बंद असेल तर निदान सहा-आठ माग चालू करून तारखेसह व्हिडिओ काढून ठेवा. महावितरणची बाकी हप्त्यात का होईना, पण भरायला लागा. आणि महापालिकेत जाऊन मागच्या पत्र्याच्या शेडचं नियमितीकरण होतं का, किती दंड पडतो, ते विचारून या. दंड दीड-दोन लाखांत बसत असेल तर गिऱ्हाइकाशी बोलण्याआधी ते काम हातात घ्या. जामीनपत्राची प्रत मिळाली की मला पाठवा.